ओलाव्याची वजावट

चिपेरोनी उतरली की थ्योलोच्या टेकड्या नाहीशा होतात.
चार-चार दिवस. पाऊस म्हणावा तर नाही,
धुकं म्हणावं तर सदरा पिळून निघतो.
अशा दिवसांत चहाच्या पानांवर पाणी असतं,
आणि पाण्यालाही वजन असतं.
म्हणून टोपलीमागे एक किलो वजा. तसा नियमच आहे.

"दोन धर, लमेक," कपिताओ चिम्वाला म्हणाला,
शेडच्या मागे, भाजलेलं कणीस मोडत.
"एक ओलाव्याचा. एक आपला."

मी काट्याजवळचा माणूस. एकोणीस वर्षं.
बायका रांगेत येतात, पाठीशी चितेंजेत बांधलेलं मूल,
टोपली आकड्याला लागते, सुई थरथरते, थांबते,
आणि मी जो आकडा मोठ्यानं म्हणतो
तीच त्यांची संध्याकाळ.
सुई वाचता येते तिघी-चौघींना.
बाकीच्या माझ्या तोंडाकडे बघतात.

चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला
सैतानानं धोंडे दाखवले, म्हणाला, भाकरी कर.
मला चिम्वालानं अर्धं कणीस दिलं.
गरम होतं.
माझ्या मुलाच्या खोकल्याची त्यानं आठवणीनं चौकशी केली.

मुलाच्या परीक्षेची फी भरायला अकरा दिवस उरले होते.
रोज गुडघे टेकतो, म्हणतो, बापा, परीक्षेत घालू नकोस;
उठतो, आणि परीक्षेसाठी क्वाचा मोजतो.
एकाच शब्दाला दोन दारं,
अंधारात चाचपताना कडी कुठल्या दाराची हाताला लागते, कळत नाही.

खोटं कशाला सांगू. त्या सोमवारी मी दोन धरले.
फालेसीची टोपली बावीस भरली. मी म्हणालो, वीस.
"झिकोमो," ती म्हणाली, आभार मानले,
रिकामी टोपली डोक्यावर घेऊन गेली.
दिवसभरात त्रेचाळीस टोपल्या.
त्रेचाळीस वेळा झिकोमो.

रविवारी प्रभुभोजनाचं तबक माझ्याकडे होतं.
वडील मंडळींतला आहे मी, कोट घालतो.
पेले अंगठ्याएवढे. फालेसीनं एक उचलला,
डोळे मिटून प्यायली, पेला परत ठेवला.
माझ्या अंगठ्याकडे तिनं बघितलंही नाही.
मी बघत होतो.

सोमवारी म्हणालो, "बावीस. ओलावा एक. एकवीस."
इतक्या मोठ्यानं की शेडच्या पत्र्यावरचा कावळा उडाला.
चिम्वाला कणीस खायचा थांबला.

मग वाटलं, फालेसीला एक किलो वाढवून सांगावा,
फिटंफाट. कुणाला कळणार आहे?
सुई तेवीसच्या जवळ आहेच म्हणावं.
तेव्हा उमगलं, हेही तेच,
फक्त अंघोळ करून आलेलं.

मंगळवारी संध्याकाळी तिच्या अंगणात गेलो.
ती मका कांडत होती. मी सांगितलं. पैसे पुढे केले.
एका किलोचे. त्यात अंडंसुद्धा येत नाही.
तिनं मुसळ बाजूला टेकवलं, नाणी मोजली.
"माहीत होतं," म्हणाली.
"सुई मला कळत नाही. पण टोपली मी मानेवर आणते,
मानेला कळतं."

"मग झिकोमो का म्हणालीस?"

"काट्याजवळच्या माणसाला म्हणावंच लागतं."
आणि पुन्हा कांडू लागली.
बस म्हणाली नाही. क्षमा केली, असंही म्हणाली नाही.
मी उभा राहिलो तेवढा वेळ फक्त मुसळाचा आवाज.

त्रेचाळीस दारं. सात झाली.
चिम्वालाच्या वाट्याचे पैसेही माझ्याच खिशातून जातायत.
एकीनं अंगावर कुत्रं सोडलं. एकीनं चहा दिला,
तोच चहा, चाळणीतला उरलेला चुरा.
फीला तीन दिवस आहेत. शेळी विकायला काढलीय,
गिऱ्हाईक म्हणतं, वजनात कमी भरते.

चिम्वाला अजूनही येतो शेडच्या मागे, अर्धं कणीस पुढे करतो.
रागावत नाही. मुलाचं विचारतो.
मी घेत नाही आता.
नेमकी त्याच वेळी भूक लागलेली असते.